१९७२ची डॅटसन २४०झेड पुन्हा रस्त्यावर आणायचीय, पार्टची सुरुवात कुठून करू?

झेड_वेडा (प्रश्न):

नमस्कार मंडळी.

१९७२ची डॅटसन २४०झेड हाती आली आहे. चेसिस नंबर एचएलएस३० ने सुरू होतो, म्हणजे डाव्या स्टिअरिंगची, निर्यातीची गाडी. बरीच वर्षं बंद शेडमध्ये उभी होती. प्लग काढले, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, एक रात्र जाऊ दिली आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावला. इंजिन मोकळं फिरतंय, कुठे अडकत नाही. सिलिंडर हेडवर ई८८ हा त्याच्या प्रकाराचा खुणेचा नंबर ओतलेला दिसतो. हिताचीचे दोन्ही कार्ब्युरेटर जागेवर आहेत.

आता रडगाणं. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा गेलाय, बोट आरपार जातं. दारांची आणि मागच्या झाकणाची रबरं कडक होऊन त्यांचे तुकडे पडतात. मागच्या एका दिव्याची काच तडकली आहे, डॅशबोर्ड वरून फुटलाय, ब्रेकचा मास्टर सिलिंडर जाम आहे. पेट्रोलच्या टाकीत आत चिकट तपकिरी थर बसलाय.

पार्ट शोधायला बसलो की दर दुसऱ्या ओळीत 'उत्पादन बंद' एवढंच दिसतं. काही वस्तू नव्याने बनवलेल्या मिळतात, पण त्यांच्याबद्दलची मतं इतकी टोकाची आहेत की काही ठरवता येत नाही. मोडीतली दुसरी झेड घेऊन तिचं सामान वापरावं, असंही एकाने सुचवलं. निसान (डॅटसन हे तिचंच नाव) जुन्या गाड्यांचे पार्ट पुन्हा बनवतंय असं वाचलं, त्यात झेड आहे का?

ही गाडी मला झाकून ठेवायची नाही, चालवायची आहे. लहानपणी एका मासिकात तिचं ते लांब बॉनेट आणि मागे उतरत गेलेलं छप्पर पाहिलं, तेव्हापासून दुसरी कुठली गाडी इतकी मनात भरली नाही. घाई नाही, पण सुरुवात नीट व्हावी असं वाटतं.


लेथवरची:

अभिनंदन! इंजिन हाताने फिरतंय ही फार चांगली बातमी आहे. स्टार्टर मात्र इतक्यात मारू नका. टाकीतला तो थर पंपातून कार्ब्युरेटरमध्ये गेला तर काम दुप्पट होईल.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्या आशेवर बरेच जण वाट बघत बसतात. निसानची स्पोर्ट्स शाखा निस्मो, तिचं हेरिटेज पार्ट्सचं काम २०१७च्या अखेरीस आर३२ स्कायलाइन जीटी-आरपासून सुरू झालं, पुढे त्यात आर३३ आणि आर३४ आल्या. टोयोटाने २०२०मध्ये आधी ए७० आणि ए८० सुप्रा घेतल्या, मग २०००जीटी आणि नंतर एई८६. माझदा पहिल्या पिढीच्या रोडस्टरचे पार्ट पुन्हा बनवते. होंडा तर १९९३पासून आपली एनएसएक्स स्पोर्ट्स कार कारखान्यात परत घेऊन ताजी करून देत आली आहे. या कंपन्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीसाठी पुन्हा साचे उभे करणं खर्चाचं आणि कटकटीचं काम असतं. पण निसानचा सगळा भर जीटी-आरवर आहे. झेडसाठी त्यावर विसंबू नका.

आता मुद्द्याचं. 'पार्ट मिळत नाही' म्हणजे बहुतेक वेळा 'त्या गाडीच्या नावाने मिळत नाही'. २४०झेड स्पोर्ट्स कार खरीच, पण निसानच्या रोजच्या गाड्यांचं सामान वापरून बांधलेली, आणि तिला आजवर जिवंत ठेवलंय ते याच गोष्टीने. तुमचं एल२४ इंजिन २३९३ सीसीचं, ८३ मिमी बोअर, ७३.७ मिमी स्ट्रोक. याच घराण्यातलं चार सिलिंडरचं एल१६ डॅटसन ५१०मध्ये होतं, सहा सिलिंडरची भावंडं सेड्रिक, लॉरेल आणि स्कायलाइनमध्ये. एल२८ तर २८०झेडएक्समध्ये १९८३पर्यंत चाललं. त्यामुळे गॅस्केट, टायमिंग चेन, वॉटर पंप, व्हॉल्व्हचे सील या बाबतीत तुम्हाला फारसं धावावं लागणार नाही. खरी दमछाक होईल ती फक्त झेडलाच असणाऱ्या वस्तूंसाठी: काचा, दिवे, रबरं, डॅशबोर्ड, चकचकीत पट्ट्या, आतल्या प्लास्टिकच्या कड्या.

म्हणून शोध गाडीच्या नावाने नको, नंबराने घ्या. निसानचा पार्ट नंबर दहा अक्षरांचा असतो. पहिली पाच वस्तू कोणती ते सांगतात, पुढची पाच कोणत्या मॉडेलसाठी आणि कोणत्या फेरफाराची ते. १५२०८ म्हणजे ऑइल फिल्टर, ११०४४ हेड गॅस्केट, १३०२८ टायमिंग चेन, २१०१० वॉटर पंप. एकदा ही सवय लागली की यादीत 'बंद' लिहिलेला नंबर दिसला तरी तुम्ही थांबत नाही. त्याच्या जागी पुढे कोणता नंबर आला ते बघता, तीच पहिली पाच अक्षरं त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या निसानवर होती ते बघता. जुन्या पार्ट कॅटलॉगच्या स्कॅन केलेल्या प्रती सापडतात. तुमच्या वर्षाची प्रत मिळवा आणि सुट्या भागांची चित्रं असलेली पानं छापून भिंतीवर लावा.

त्याहून खालच्या थराला काही वस्तूंना गाडीचं नावच नसतं. बेअरिंगच्या कडेवर एनएसके, एनटीएन, कोयो असं काहीतरी आणि एक आकडा कोरलेला असतो. ६२०३ असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४०, रुंदी १२ मिमी; मग ते गाडीचं असो की पाण्याच्या पंपाचं. ऑइल सीलचंही तसंच. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी आणि ओठ कोणत्या बाजूला आहे, एवढं कळलं की झालं. टोयोटावाल्यांची सोय तर आणखी चांगली. ९०३११ने सुरू होणारा नंबर ऑइल सीलचा, आणि त्यापुढचे पहिले दोन आकडे बहुधा आतल्या व्यासाचेच असतात. बेअरिंगवर 'दुर्मीळ स्पोर्ट्स कारचा पार्ट' अशी चिठ्ठी लावून चौपट भाव मागणारे असतात. व्हर्नियर घेऊन बसलात तर त्यांच्याकडे जायची वेळ येत नाही.

आटे बघून घ्या, इथे फार नुकसान होतं. जपानी गाडीवर १० मिमीच्या बोल्टला १.२५चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) असतो, आणि दुकानात सहज हाती येतो तो १.५चा. दोन-अडीच फेरे जातो, मग घट्ट लागतो. आपल्याला वाटतं गंज आहे, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. पिच गेज खिशात ठेवा. ऑइल प्रेशरच्या सेंडरला तर मिमीचे आटे नाहीतच. तिथे एक अष्टमांश इंची ब्रिटिश पाइपचे निमुळते आटे आहेत, इंचाला २८. अमेरिकी पाइपच्या आट्यांचा सेंडर दिसायला तस्साच, पण त्याला इंचाला २७. तो बसल्यासारखा वाटतो, गळतो, आणि आणखी आवळला की आटे जातात.

आणि स्क्रू. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरचं झाकण काढाल तेव्हा स्क्रूच्या डोक्याकडे नीट बघा. अधिक चिन्हासारख्या खाचेजवळ एक बारीक ठिपका दिसला तर तो जपानी मानकाचा, म्हणजे जेआयएसचा स्क्रू. साधा फिलिप्स पेचकस त्याच्या खाचेत तळापर्यंत बसत नाही, वरच्यावर टेकतो आणि जोर दिला की वर सरकून खाच खातो. पन्नास वर्षं घट्ट बसलेला तो मऊ स्क्रू एकदा खाल्ला की ड्रिल करण्यावाचून इलाज नाही. जेआयएस पेचकस त्या खाचेत हात सोडला तरी उभा राहतो. त्यावर हलका हातोडा मारा, स्क्रू आधी जरासा घट्ट दिशेला फिरवा, मग सोडवा. या कामासाठी पहिला पैसा खर्च करायचा तो या पेचकसांवर.

काढलेली एकही वस्तू फेकू नका. गंजून अर्धी झालेली क्लिप, फाटलेलं रबर, तुटलेली कडी, सगळं पिशवीत भरून वर नंबर आणि कुठून काढलं ते लिहा. नवीन वस्तू बनवून घ्यायची वेळ आली तर मोजमाप कशावरून घेणार? लोक माझ्याकडे लेथवर काम घेऊन येतात ते 'साधारण एवढा होता' असं बोटांनी दाखवत. अर्धा तुकडा जरी आणला असता तरी बाकीचा अर्धा काढता आला असता.

मोडीतल्या दुसऱ्या झेडबद्दल पत्र्याच्या माणसाचं ऐका. माझं क्षेत्र नाही ते.


पत्रा_आणि_आग:

ताईंनी इंजिनाकडचं सगळं सांगितलं, मी फक्त पत्र्याचं बोलतो.

बॅटरीच्या ट्रेखाली बोट जातंय म्हणता, तिथे आम्लाने काम केलंय. ट्रे काढा, त्याखालचा आतला पत्रा आणि चेसिसच्या रेलपर्यंत (लांब पोकळ तुळयांपर्यंत) गंज उतरलाय का ते बघा. मग गाडी उचलून या जागा बघा: जमिनीच्या पत्र्याखालच्या दोन लांब रेल, दारांखालचे सिल, मागच्या चाकाच्या पुढचा खालचा कोपरा, विंडस्क्रीनखालच्या जाळीतून पाणी जिथे उतरतं त्या नळ्या, आणि मागचं झाकण जिथे टेकतं तो पत्रा. त्या काळी या पत्र्याला जस्ताचा थर नव्हता. पाणी जिथे साठायचं तिथे आतून बाहेर खायला सुरुवात व्हायची. बाहेर रंगाला फुगा आला म्हणजे आत बरंच होऊन गेलेलं असतं. बोथट टोचा घेऊन सगळीकडे टोचून बघा. जिथे आवाज बदलतो तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवलात तरी कळेल.

कापाकापी सुरू करण्याआधी एक गोष्ट करा, ती टाळू नका. दारं जागेवर असताना, गाडी तिच्या चाकांवर उभी असताना, दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी नळ वेल्ड करून घ्या. झेडच्या बॉडीची ताकद सिलमध्ये आहे. एक सिल कापलात की गाडी मध्यातून खाली बसते, डोळ्यांना कळत नाही, आणि नवा सिल तशाच वाकलेल्या मापावर वेल्ड होतो. मग दार लागत नाही, वर जास्त फट राहते, खाली घासतं. रंग लागल्यावर हे लक्षात येणं म्हणजे काम पुन्हा पहिल्यापासून. एक बाजू पूर्ण करा, दार लावून फटी बघा, मगच दुसरी बाजू कापा.

सँडब्लास्टिंगच्या मोहात पडू नका, निदान बॉनेट, दार आणि छपराला तरी नको. वाळूच्या माऱ्याने सपाट पत्रा ताणला जातो आणि लाटा येतात, त्या परत जात नाहीत. जाड भागांना, सस्पेन्शनला खुशाल करा. पातळ पत्र्याला रंग उतरवायचं रसायन किंवा सोड्याचा मारा. वेल्डिंग करताना सलग रेघ ओढायची नाही. एक टिपका इथे, एक तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. एकावर एक बसणाऱ्या पत्र्यांच्या मध्ये जस्ताचा प्रायमर, आणि रंग झाल्यावर सिलच्या, रेलच्या पोकळीत नळीने मेण. हे शेवटचं दिसत नाही म्हणून लोक गाळतात, आणि गाडी पुन्हा आतूनच जाते.

नव्याने बनवलेले पत्रे बरे असतात, पण 'लावले की बसले' असं कधी होत नाही. कडा घासाव्या लागतात, भोकं सरकवावी लागतात. तेवढी मेहनत धरूनच चला.

दुसरी झेड घ्यावी का? तुमच्या रेल आणि स्ट्रटचे (सस्पेन्शनच्या खांबांचे) वरचे मनोरे धड असतील तर नको. मोडीतली गाडी जिथे गंजते त्याच जागी तुमचीही गंजलेली असते. तुम्हाला हवा असतो तो मागचा कोपरा आणि तिलाही नेमका तोच नसतो. काचा, दारांचे कब्जे, पेडल, वायपर एवढ्यासाठी अख्खी गाडी घेऊन जागा अडवू नका, सुटं सामान घ्या.


फेअरलेडीवाला:

सुट्या सामानाचा विषय निघालाच आहे म्हणून. माझी जपानी बाजारातली फेअरलेडी झेड (झेडचंच तिथलं नाव) आहे, उजव्या स्टिअरिंगची, एल२० इंजिनाची. जपानच्या लिलाव साइटवर सामान भरपूर येतं आणि तिथले विक्रेते वस्तूचे डाग-ओरखडे प्रामाणिकपणे फोटोत दाखवतात, हा माझा अनुभव. परदेशात थेट पाठवणारे कमी, त्यामुळे मधल्या एजंटमार्फत घ्यावं लागतं. एजंटकडे काही वस्तू साठवून एकत्र पेटी पाठवली की वाहतूक परवडते.

पण झेड_वेडा, तुमची डावीकडची गाडी आहे हे विसरू नका. डॅशबोर्ड, हीटरचे लिव्हर, वायपरची जोडणी, स्टिअरिंगची रॅक, पेडलचा खोका यातलं जपानी गाडीचं काहीही तुम्हाला बसणार नाही. दिवे, काचा, दाराचे हँडल, मागचं झाकण, सस्पेन्शन, इंजिनाभोवतीचं सामान चालेल. फोटो बघून हरखायच्या आधी ही यादी डोक्यात हवी. डॅशबोर्डसाठी तर उत्तर अमेरिकेकडेच बघा. झेड सगळ्यात जास्त तिकडेच विकल्या गेल्या. फुटलेल्या डॅशवर वरून बसवायचं कवच मिळतं, पण ते मला आवडत नाही. भेगा आतल्या फोमच्या आकसण्याने पडतात. भेग रुंद करून, लवचीक फिलर भरून, वर पोत उठवून रंगवणारे कारागीर आहेत. वेळ लागतो, पण डॅशचा मूळ आकार राहतो.

'जंक' म्हणून लिहिलेली वस्तू घ्यायची तर ती चालणार नाही असं समजूनच घ्या. विक्रेता कसलीच हमी देत नाही एवढाच त्याचा अर्थ, कधी कधी ती उत्तम निघते, पण तक्रारीला जागा नसते. पेट्रोलची टाकी, गॅस भरलेले शॉक ॲब्सॉर्बर असलं काही विमानाने मागवू नका, अडवलं जातं. काच मागवायची तर लाकडी चौकटीत बांधून देणार का ते आधी विचारा.

आणि कधी निराश वाटलं तर माझदा कॉस्मो स्पोर्टवाल्यांचा विचार करा. १९६७ ते १९७२ या काळात एकूण १,१७६ गाड्या बनल्या, त्यातल्या १०ए रोटरी इंजिनाचं सामान सोपं नाही. होंडा एस८००चंही तेच, ७९१ सीसीचं डीओएचसी (दोन कॅमशाफ्टचं) इंजिन, चार केहिन कार्ब्युरेटर, आणि क्रँक चक्क नीडल रोलर बेअरिंगवर. ती मंडळी एकेका पार्टसाठी वर्ष घालवतात आणि तरी गाड्या चालवतात. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. आपल्या एस३० पिढीच्या गाड्या लाखोंनी बनल्या, आपण नशीबवान आहोत.


झेड_वेडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, पेचकस मागवले. पानं छापून भिंतीवर लावली आहेत. दादा, टोचा घेऊन फिरलो. डाव्या बाजूची रेल पुढून वाईट आहे, उजवी ठीक, मनोरे धड आहेत. त्यामुळे दुसरी गाडी घ्यायचा विचार सोडला.

आता दोन प्रश्न. एक, कार्ब्युरेटर उघडून स्वच्छ करीनच, पण ते झिजलेत का हे कसं ओळखू? तीन मिकुनी-सोलेक्स कार्ब्युरेटर लावायचा सल्ला बरेच जण देतात. दोन, विजेचं काय? फ्यूजच्या डब्यात एका जागी प्लास्टिक वितळल्यासारखं दिसतंय.


लेथवरची:

तुमच्याकडे १९७२पर्यंतचे, डोक्यावर घुमट असलेले एसयू (ब्रिटिश कंपनी) पद्धतीचे कार्ब्युरेटर आहेत. ते ठेवा, मी यावर ठाम आहे. नंतरच्या, १९७३पासूनच्या सपाट डोक्याच्या कार्ब्युरेटरना कंटाळून लोकांनी पुढे तुमच्यासारखेच शोधून लावले. मिकुनी-सोलेक्स ४०पीएचएच ही सुंदर वस्तू आहे. टोयोटा २०००जीटीवर तीच तीन होती. पण ती आता बनत नाहीत, जुनी घ्यावी लागतात, आणि तीन कार्ब्युरेटरची सहा नरडी जुळवणं हे वेगळंच शिक्षण आहे. आधी गाडी आहे त्या रूपात चालू द्या. मूळ कशी चालते हे माहीत नसताना बदल केला तर सुधारलं की बिघडलं, कळणार कशावरून?

झीज बघायची ती थ्रॉटलच्या आडव्या दांड्याची. कार्ब्युरेटर हातात घेऊन दांडा वर-खाली हलवा. खडखड हलला तर बुश गेलेत. इंजिन चालू झाल्यावर आयडलला दांड्याच्या टोकाशी कार्ब क्लीनरची बारीक फवारणी करा. आयडल बदललं तर तिथून हवा आत जाते आहे, आणि मग स्क्रू कितीही फिरवले तरी आयडल जागेवर राहणार नाही. हे दुरुस्त होतं. बॉडीचं भोक मोठं करून कांस्याचा बुश बसवायचा, आतून रीमर मारायचा, नवा दांडा. घुमटाखालचा पिस्टन बोटाने उचलून सोडा. डँपर काढलेला असताना तो अडखळत खाली यायला नको, सरळ उतरून 'टक्' असा आवाज व्हायला हवा. आणि घुमटांची, पिस्टनची अदलाबदल करू नका, ते जोडीने जुळवलेले असतात.

कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी. इंजिन गरम असताना इनलेट ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.३०. इग्निशन ऑर्डर १-५-३-६-२-४. टायमिंग आणि टॅपेट जागेवर नसताना कार्ब्युरेटरला दोष देणं चूक.


रिले_लावा:

विजेचं मी सांगतो. झेडच्या वायरिंगमध्ये हेडलाइट आणि पार्किंगचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. पन्नास वर्षांत फ्यूजच्या पकडीचं स्प्रिंग सैल पडतं, तिथे रोध वाढतो, तापतं, प्लास्टिक वितळतं. पार्किंगच्या फ्यूजची जागा यासाठी प्रसिद्धच आहे. तुमचीही तीच असणार, बघा. मोठा फ्यूज टाकून हा प्रश्न सुटत नाही, उलट वायर जळेल. नवा डबा घ्या आणि हेडलाइट-पार्किंगसाठी रिलेची वेगळी जोडणी टाका, म्हणजे स्विचला फक्त रिले उचलण्यापुरतं काम राहील. तयार मिळते, मूळ कनेक्टरमध्ये बसते, एकही वायर कापावी लागत नाही. पुढे कुणाला मूळ रूप हवं असेल तर काढून ठेवता येते, म्हणून मला हा बदल बिनदिक्कत मान्य आहे.

तसाच दुसरा: २८०झेडएक्सचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर. ई१२-८० मॉड्यूलचा शोधा. तो एल इंजिनावर बसतो, जुन्या डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) घासत बसावं लागत नाही. जुना डिस्ट्रिब्युटर तेल लावून जपून ठेवा.

ब्रेकमध्ये मात्र जुनं-वापरलेलं काही नको. मास्टर सिलिंडर नवा, सगळे रबरी पाइप नवे. पुढे टोयोटा हायलक्सचे चार पिस्टनचे कॅलिपर लावायची पद्धत आहे, पण रोजच्या रस्त्याला मूळ कॅलिपर नव्या सीलसह पुरेसे आहेत.


झेड_वेडा:

तीच जागा निघाली, पार्किंगचा फ्यूज! रिलेची जोडणी मागवतो.

शेवटचं, रबरांचं. दाराचं नवं रबर घेतलेल्यांची एकच तक्रार आहे की दार बंदच होत नाही. खरं आहे का?


पत्रा_आणि_आग:

खरं आहे. नव्याने बनवलेली बरीच रबरं मूळपेक्षा जाड किंवा कडक असतात. एका पुरवठादाराकडून घेतलेल्या जोडीने मला दोन्ही दारं खांद्याने ढकलायला लावली होती, शेवटी काढून टाकली. दार आपटून 'बसेल हळूहळू' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्याने कुलुपाची पट्टी आणि कब्जे सैल होतात. रबर लावण्याआधी दार रबराशिवाय नीट जुळवून घ्या, फटी सगळीकडे सारख्या हव्यात. मग पूर्ण रबर न चिकटवता आठ-दहा इंचांचा तुकडा कब्ज्याजवळ आणि कुलपाजवळ लावून दार मिटून बघा. कागदाची पट्टी मध्ये धरा, ओढताना किंचित अडली पाहिजे, फाटता कामा नये. बऱ्याच झेडवाल्यांनी पहिल्या किआ स्पोर्टाजच्या दाराचं रबर वापरलंय. ते मऊ आहे, कडेला धातूची पकड आहे, कोपऱ्यात वळतं. मूळ नाही, पण दार एका बोटाने लागतं.

मागच्या झाकणाच्या रबरात मात्र तडजोड करू नका. या गाडीच्या मागे हवेचा दाब असा असतो की चालताना सायलेन्सरचा धूर जिथे फट मिळेल तिथून आत खेचला जातो. लोक झाकणाचं रबर बदलतात आणि तरी डोकं दुखतं, कारण मागच्या दिव्यांच्या पाठीमागची फोमची गॅस्केट तशीच कुजलेली राहतात. ती रबराच्या किटमध्ये बहुधा नसतात, वेगळी मागवा. तडकलेली काच बदलायला दिवा काढणारच आहात तर दोन्ही बाजूंची एकदमच बदला, आणि त्याच वेळी आतला पॅनेल उघडून पेट्रोलच्या टाकीच्या हवा जाण्याच्या नळ्याही बघा. त्या तडकलेल्या असल्या तर धूर नसला तरी आत पेट्रोलचा वास येतच राहील.